पार्किन्सन्स: हात धरून ओढू नका, ताल द्या

गेल्या अंकात या सदरात पार्किन्सन्स आणि व्यायाम यांविषयी थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचून वाटलं, हा अंक पूर्ण याच विषयाला द्यावा. मी दादरला न्यूरो-फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पार्किन्सन्सचेच पेशंट जास्त असतात, त्यामुळे यातले बहुतेक प्रश्न ओळखीचे आहेत. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावांची आद्याक्षरं दिली आहेत.

प्रश्न: मॅडम, आम्ही लालबागला चाळीत राहतो. आमचे हे सत्तरीचे आहेत, बेस्टमध्ये कंडक्टर होते. पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. खोलीतून गॅलरीत येताना उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गॅलरीच्या टोकाला संडास आहे, त्याच्या दारातही तेच. मी हात धरून ओढते, शेजारी मागून ‘चला काका, चला’ म्हणतात आणि तेवढ्यात ते तोल जाऊन पुढे पडतात. पण जिना मात्र व्यवस्थित चढतात! मुलगा म्हणतो, बाबा मुद्दाम करतात. काय समजायचं? – सौ. सु. प., लालबाग

उत्तर: काकू, सगळ्यात आधी तुमच्या मुलाला सांगा की बाबा मुद्दाम करत नाहीत. हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलंय. पेशंट समोर बसलेला असतो, त्याचा चेहरा आजारामुळे निर्विकार दिसतो, पण त्याला ते बोलणं लागतं. त्यांच्यादेखत पुन्हा असं म्हणू नका.

आता जिना जमतो आणि उंबरठा जमत नाही, असं का? आपण चालताना प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. ते आपोआप पडतं. हे आपोआप चालवणारी यंत्रणा मेंदूच्या आतल्या भागात असते आणि तिला डोपामीन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून आधी ‘आपोआप’ बिघडतं. पण डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून किंवा मनाशी ठरवून केलेली हालचाल मेंदू दुसऱ्या वाटेने करू शकतो आणि ती वाट बरीचशी शाबूत असते. जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना दिसते. पाय कुठे ठेवायचा, हे ती कड सांगते. सपाट गॅलरीत असं सांगणारं काहीच नसतं. नेदरलँड्समधले डॉ. बास ब्लूम यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या पेशंटबद्दल लिहिलं होतं. त्या गृहस्थांना चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की ते सरळ चालवत जायचे आणि उतरले की पुन्हा जागच्या जागी थिजायचे. तेव्हा तुमच्याकडे जे दिसतंय ते या आजारातलं नेहमीचं लक्षण आहे. दार, वळण, अरुंद जागा, गर्दी आणि घाई, या पाच ठिकाणी ते हमखास दिसतं. चाळीतल्या संडासाकडे जाताना तर हे पाचही एकत्र येतात.

मग घरात काय करायचं? इलेक्ट्रिकच्या दुकानात रंगीत टेप मिळते. फरशी काळपट असेल तर पिवळी किंवा पांढरी घ्या. गोळीचा असर चांगला असताना त्यांना चार पावलं चालायला लावा आणि एका पावलाचं अंतर मोजा. तेवढ्या अंतरावर चालण्याच्या दिशेला आडव्या पट्ट्या चिकटवा. उंबरठ्याच्या अलीकडे तीन आणि पलीकडेही तीन. पलीकडच्या विसरू नका, नाहीतर ते उंबरठा ओलांडतील आणि दारातच थांबतील. सूचना एकच: ‘पट्टी ओलांडून पाऊल टाका.’ पट्टीवर नाही, ओलांडून. रात्रीसाठी उंबरठ्याजवळ छोटा दिवा लावून ठेवा, अंधारात पट्टीचा उपयोग नाही. सुटी पायपुसणी त्या वाटेवरून काढून टाका.

पाय अडकले की ओढू नका. पाय जमिनीवर आणि वरचं शरीर पुढे गेलं की माणूस पडणारच. तुम्ही ओढता म्हणून ते पडतात, असं स्पष्ट सांगते, कारण हे उद्यापासून थांबवता येण्यासारखं आहे. अडकले की त्यांना म्हणायचं, ‘थांबा.’ पूर्ण थांबू द्या. मग ताठ उभे राहू द्या, कारण अडकताना अंग पुढे वाकलेलं असतं. मग अंगाचा भार एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर, असं दोन-तीन वेळा हलकेच झुलायला सांगा. आणि मग ‘आता उजवा, मोठा!’ कुठला पाय हे नाव घेऊन सांगायचं. तुम्ही बाजूला उभ्या राहा, वाटल्यास त्यांचा हात तुमच्या हातावर राहू द्या, पण जोर त्यांचा.

वळतानाही असंच. जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही. एका बाजूला सरकत, चार-पाच पावलांत मोठं अर्धवर्तुळ घेत वळायचं. संडासात तेवढी जागा नसते, तिथे भिंतीला दांडी बसवून घ्या आणि ती धरून, पाय एकेक करून उचलत वळू द्या.

आणि एक सुचवते. त्यांनी आयुष्यभर डबल बेल दिली की बस सुटलेली पाहिली आहे. तेव्हा ‘चला चला’ऐवजी तुम्ही दोन टिचक्या वाजवा किंवा तोंडाने ‘टिंग टिंग’ म्हणा आणि त्यावर पहिलं पाऊल. माझ्याकडे कुणाला लेझमीचा ठेका लागू पडतो, कुणाला भजनातला टाळ, एका बाईंना ‘एक दोन, एक दोन’ असं मनात मोजणंच पुरतं. प्रत्येकाची खूण वेगळी असते, ती करून बघूनच सापडते. पण शेजाऱ्यांना मात्र आजच सांगून ठेवा की काका थांबले की कुणी बोलायचं नाही. चार जण चार बाजूंनी बोलले की लक्ष फुटतं आणि पाय आणखी चिकटतात.

प्रश्न: माझ्या वडिलांसाठी (वय ७४) घरी फिजिओथेरपिस्ट येतात. वडील पलंगावर झोपून असतात. ते मशीन लावतात, मग हात-पाय वर-खाली हलवतात, पाऊण तासाने जातात. चार महिने झाले, खर्च बराच होतोय, फरक शून्य. फिजिओथेरपी बंद करावी का? – अ. जो., डोंबिवली

उत्तर: फिजिओथेरपी बंद करू नका, पण ही जी चालली आहे ती पार्किन्सन्सची फिजिओथेरपी नव्हे. मशीनचा शेक दुखऱ्या खांद्याला थोडा आराम देईल. दुसऱ्याने हात-पाय हलवले तर सांधे मोकळे राहतील आणि जो पेशंट अंथरुणाला खिळलाय त्याला ते लागतंच. पण तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की वडील आधार घेऊन हॉलपर्यंत चालत येतात. असा माणूस झोपून दुसऱ्याकडून व्यायाम ‘करून घेत’ असेल तर त्याचा मेंदू काहीच शिकत नाही. या आजारात हालचाल छोटी होते आणि पेशंटला ती छोटी झाल्याचं कळतही नाही. त्याला वाटतं, आपण नीटच चालतोय. म्हणून उपचाराचा गाभा असा की हालचाल पेशंटने स्वतः, मुद्दाम, मोठी करायची आणि ती पुन्हा पुन्हा करायची. ‘एलएसव्हीटी बिग’ नावाची पद्धत याच तत्त्वावर बेतलेली आहे: आठवड्यातून चार दिवस, एक-एक तास, असे चार आठवडे, शिवाय रोज घरी सराव. ते प्रशिक्षण घेतलेलीच व्यक्ती मिळाली पाहिजे असं नाही, पण तत्त्व तेच हवं.

एक उदाहरण सविस्तर देते, म्हणजे चांगल्या सेशनमध्ये काय चालतं ते कळेल. खुर्चीतून उठणं. घरोघरी काय होतं? वडील मागे टेकून बसलेले असतात, उठायचा प्रयत्न करतात, मागेच पडतात, मग मुलगा काखेत हात घालून उचलतो. मी आधी त्यांना बसल्या बसल्या पुढे सरकायला लावते: एक कुल्ला, मग दुसरा, अगदी खुर्चीच्या कडेपर्यंत. मग पावलं मागे, गुडघ्यांच्याही थोडी आत. दोन्ही पावलांत वीतभर अंतर. मग हात पुढे लांब करायचे, जणू समोरच्या टेबलावरचं काही उचलायचंय, आणि नाक पावलांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं. इथे सगळे घाबरतात, पुढे पडू असं वाटतं, म्हणून मी समोर स्टूलवर बसते. नाक पुढे गेलं की ढुंगण आपसूक हलकं होतं. तेव्हा मोठ्याने ‘एक, दोन, तीन – उभा!’ आणि उभं राहिल्यावर छाती उघडून हात बाजूला फेकायचे, बोटं ताणून. मग बसणं: पायांना मागे खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, हातांनी खुर्ची शोधायची आणि हळू बसायचं, धपकन नाही. असं दहा वेळा केलं की मांड्यांना खरा व्यायाम होतो आणि उठण्याची रीतही बसते. सोफा फार खोल आणि बुटका असेल तर तो सोडून द्या, ताठ पाठीची, हात असलेली लाकडी खुर्ची आणा.

येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना हे विचारा: पहिल्या दिवशी चालणं, उठणं, वळणं यांची वेळ मोजून लिहून ठेवली का? गोळीच्या वेळा विचारल्या का? घरच्यांना शिकवलं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी व्यक्ती शोधा. घरी बोलावणं परवडत नसेल तर केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, केस पेपर काढून दाखवता येतं. महालक्ष्मीला हाजी अलीजवळ ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्थाही आहे. शिवाय मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करतेय, त्यांच्या गटांत एकत्र व्यायाम होतो. वडिलांसारखेच आणखी दहा जण हात फेकताना दिसले की जे मुलाच्या सांगण्याने होत नाही ते होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मशीनबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी. ज्यांची डीबीएस शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड आणि छातीत बॅटरी बसवली आहे, त्यांना डायथर्मीचा शेक शरीराच्या कुठल्याही भागाला द्यायचा नाही. शॉर्टवेव्ह नाही, मायक्रोवेव्ह नाही, उपचाराचं अल्ट्रासाउंडही नाही. गुडघ्याला लावलं तरी ती ऊर्जा वायरीतून इलेक्ट्रोडपर्यंत जाऊन मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गुडघेदुखीसाठी कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये गेलात तर आत शिरतानाच ‘डीबीएस आहे’ असं सांगा. डीबीएसचं कार्ड खिशात असू द्या.

प्रश्न: मी ५४ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, बाकी ठीक. मुलुंड ते फोर्ट रोज लोकलने जातो. डॉक्टर म्हणाले ‘व्यायाम करा’, पण कुठला, किती, ते सांगितलं नाही. रोज अर्धा तास फिरणं पुरेसं आहे का? व्यायामाने आजार थांबतो का? – र. शि., मुलुंड

उत्तर: तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण सुरुवातीलाच विचारलंत. बहुतेक जण पहिल्यांदा पडल्यावर येतात.

व्यायामाने हा आजार बरा होत नाही, आणि थांबतो असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हाताची थरथर तर व्यायामाने फारशी कमी होत नाही, तेव्हा तिच्यावरून फायदा जोखू नका. पण २०१८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तुमच्यासारखेच, निदान होऊन फार काळ न झालेले आणि अजून औषधं सुरू न झालेले १२८ लोक होते. एका गटाला आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर जोरात चालवलं, कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत. एक गट मध्यम वेगाने, एक गट नेहमीसारखा. सहा महिन्यांनी जोरात चालणाऱ्यांची हालचालींची तपासणी जवळजवळ होती तिथेच राहिली, नेहमीसारखं राहिलेल्यांची घसरली. नेदरलँड्समध्ये २०१९ साली घरच्या स्थिर सायकलवर केलेल्या अभ्यासातही असाच कल दिसला. म्हणून माझं मत ठाम आहे: रमतगमत, मित्राशी गप्पा मारत केलेला अर्धा तास मनाला चांगला, पण तुमच्या वयाला आणि या टप्प्याला तो अपुरा आहे. दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, हा मध्यम वेग. दोन-चार शब्दांवर थांबून श्वास घ्यावा लागला की तो जोराचा. ५४ व्या वर्षी २२० वजा वय या ठोकताळ्याने कमाल गती १६६ येते, त्याचे ८० टक्के म्हणजे १३३ च्या आसपास. पण सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही, तिथे डॉक्टरांना विचारा. पहिल्या महिन्यात एकदम तिथवर जाऊही नका.

आठवड्याची आखणी अशी करा. दम लागणारा व्यायाम किमान तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. ताकदीचा दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, त्यात पाठीचे आणि मांडीचे स्नायू महत्त्वाचे, कारण हा आजार माणसाला पुढे वाकवतो. तोलाचा व्यायाम दोन-तीन दिवस. आणि ताणण्याचे व्यायाम रोज केलेत तर उत्तम. अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशनने २०२१ साली साधारण हेच प्रमाण सुचवलं आहे. तोलासाठी ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम चांगला. २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात ताई-ची करणारे नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा तोल जाऊन पडले. ते शिकवणारं जवळ कुणी नसेल तर नृत्य करा. न्यूयॉर्कमधल्या मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्ससाठी वर्ग सुरू केले, आपल्याकडे पुण्यात नर्तक ऋषिकेश पवार यांनी तसे वर्ग घेतले. नवरात्रात गरबा खेळत असाल तर तो वर्षभर खेळा. त्यात ताल आहे, वळणं आहेत, एकाच वेळी हात आणि पाय आहेत. तुमच्यासाठी याहून सोयीचं मला सुचत नाही. आवडेल तो व्यायाम निवडा, कारण हा आता कायमचा सोबती आहे.

वेळ महत्त्वाची. गोळी सुरू झाली असेल तर ती घेतल्यावर पाऊण-एक तासाने अंग मोकळं होतं, तेव्हाच जोराचा व्यायाम करा.

लोकलबद्दल: धावती गाडी पकडणं आणि गाडी थांबण्याआधी उतरणं आजपासून पूर्ण बंद. तुमचा तोल आज चांगला असला तरी धक्का बसल्यावर सावरणारं पाऊल या आजारात हळूहळू उशिरा पडायला लागतं. बॅग खांद्याला न अडकवता पाठीला लावा, दोन्ही हात मोकळे हवेत. पुलावर चालताना फोन नको. पुढेमागे गरज पडली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: माझं वय ६६. माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. फोनवर बहीण ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देते. घरी सगळे ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणून ओरडतात. मला तर मी मोठ्यानेच बोलतेय असं वाटतं. अक्षरही मुंगीएवढं झालंय. याला व्यायाम असतो का? – श्रीमती वि. गो., विलेपार्ले

उत्तर: असतो, आणि तो मनापासून करण्यासारखा आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने पत्र लिहिलंत. पहिल्या ओळीतलं अक्षर चांगलं होतं, खाली येता येता ते बारीक झालं. आवाजाचंही तसंच होतं. तुम्हाला आतून वाटणारा ‘मोठा’ आणि बाहेर येणारा आवाज यांचा मेळ बिघडलाय. म्हणून जो आवाज तुम्हाला ओरडल्यासारखा वाटेल, तोच समोरच्याला बेताचा वाटेल. हे मनाने मान्य करणं हा निम्मा उपचार आहे. ‘एलएसव्हीटी लाउड’ ही पद्धत अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये १९८७ साली ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या बाईंसाठी सुरू झाली. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हाला तिचं बोलणं ऐकू यावं. या पद्धतीचे सेशन स्पीच थेरपिस्ट घेतात आणि मी तुम्हाला त्यांच्याकडे जायला सांगेन.

तोवर घरी: ताठ बसा, पोटापर्यंत श्वास घ्या आणि ‘आऽऽ’ जमेल तितका लांब, मोठा, पण गळा न आवळता. रोज दहा-पंधरा वेळा. मग पाढे म्हणा, तेरा-चौदा-पंधराचे, शाळेत बाईंना शेवटच्या बाकावरून ऐकू जायचे तसे. संध्याकाळी आरती म्हणा, पण टाळ्या वाजवत. अक्षरासाठी दुकानातून चार रेघी वही आणा आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत पूर्ण उंचीचं अक्षर काढा, रोज फक्त पाच ओळी. घरच्यांनी ‘मोठ्याने बोल’ असं ओरडण्याऐवजी टीव्ही बंद करावा, समोर येऊन बसावं आणि ‘आई, मोठा श्वास’ एवढंच म्हणावं.

चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरणारा येत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. गिळण्याची तपासणी करावी लागेल.

प्रश्न: माझे मामा म्हणतात, व्यायामापेक्षा तेलाचं मालिश करा आणि कवचबीजाचं चूर्ण घ्या. बाबांच्या इंग्रजी गोळ्या चालूच आहेत. चालेल का? – कु. ने. सा., कल्याण

उत्तर: मालिश जरूर करा, कडक झालेल्या अंगाला बरं वाटतं. व्यायामाची जागा मात्र ते घेत नाही. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, म्हणजे बाबांच्या गोळीत बहुधा असेल तेच औषध. गोळी चालू असताना त्यावर चूर्ण घेतलं तर मात्रा किती झाली ते कळणार नाही. अंग वेडंवाकडं हलणं, भास होणं, उठताना चक्कर येणं असं होऊ शकतं. न्यूरॉलॉजिस्टना न विचारता देऊ नका. लेव्होडोपाची गोळी मात्र जेवणाच्या अर्धा तास आधी द्या, कारण डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही.

प्रश्न: माझे मिस्टर रात्री स्वतः कूस बदलू शकत नाहीत. मला रात्रीतून चार-पाच वेळा उठून त्यांना वळवावं लागतं. माझी कंबर गेली आहे. काही उपाय? – सौ. मी. का., बोरिवली

उत्तर: उपाय आहे आणि तो दोघांसाठीही हवा. पलंगावर मधल्या भागात, खांद्यापासून मांडीपर्यंत, सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडाचा तुकडा अंथरा. पायांखाली साधी सुती चादरच ठेवा, म्हणजे टाचा रोवता येतील. अंगात सुती पायजम्याऐवजी गुळगुळीत कापडाचा पायजमा. फार मऊ, खाली दबणारी गादी असेल तर बदला. जड गोधडीऐवजी हलकं पांघरूण द्या. पलंगाच्या कडेला पक्की दांडी बसवली तर आणखी सोपं.

आता वळण्याची रीत दिवसा, गोळीचा असर असताना शिकवा. उजवीकडे वळायचं तर दोन्ही गुडघे वाकवून पावलं गादीवर. मान उजवीकडे. दोन्ही हात जोडून छतासमोर उंच करायचे. मग मोजायचं, ‘एक, दोन, तीन’, आणि तीनला हात आणि गुडघे एकदमच उजवीकडे फेकायचे, जोराने. अंग हातांच्या मागोमाग जातं. हळूहळू सरकत वळायचा प्रयत्न या आजारात फसतो, फेक मोठी हवी. उठून बसताना आधी असं कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटायचं. लगेच उभं राहू देऊ नका. पाय हलवत मिनिट-दोन मिनिटं बसू द्या, कारण यांचा रक्तदाब उठल्यावर एकदम उतरतो आणि रात्री पडण्याचं ते मोठं कारण असतं.

तुमच्या कमरेसाठी: वाकून ओढू नका. एक गुडघा पलंगावर टेकवा, त्यांच्या खांद्यावर आणि कुल्ल्यावर हात ठेवा आणि तुमचं सगळं अंग मागे नेत वळवा. आठवड्यातून दोन रात्री मुलाला किंवा मदतनिसाला त्या खोलीत झोपू द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका. तुम्हीच आडव्या झालात तर त्यांच्याकडे बघणार कोण, हा प्रश्न घरच्यांना समोर बसवून विचारा.

आणि न्यूरॉलॉजिस्टना ‘रात्री किती वाजता अंग कडक होतं’ ते आठवडाभर लिहून दाखवा. कित्येकदा झोपतानाच्या गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलली की चार-पाचचे एक-दोनवर येतं. ते न सांगता नुसता व्यायाम शिकवत बसण्यात वेळ जातो.